एमडींचा मेल फोनवर आणणे

९ जून २००९, मंगळवार

एमडींचे चिरंजीव अमेरिकेहून आले. येताना वडिलांसाठी आणि स्वतःसाठी एकेक काचेचा फोन आणला, बटणं नसलेला. पावणेदहाला मला वर बोलावलं. "शिंदे, ऑफिसचा मेल यावर हवा. शुक्रवारपर्यंत. तिकडे प्रत्येकाच्या खिशात मेल असतो."

तिकडे प्रत्येकाच्या डोक्यातही काही ना काही असतं. बोललो नाही. 'यस सर' म्हणून खाली आलो. पुणं सोडून चेन्नईला आल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून हेच दोन शब्द बोलतोय.

एमडींचं वय चौसष्ट. आजवर एक मेल स्वतः उघडलेला नाही. त्यांचे पी.ए. श्रीपती राव रोज सकाळी सगळा मेल छापतात, तपकिरी फायलीत लावतात, साडेदहाला आत नेतात. एमडी त्याच कागदावर हिरव्या शाईने उत्तर खरडतात. राव बाहेर येऊन ते टाइप करतात आणि पाठवतात. गिंडीच्या या ऑफिसात माझ्या हाताखाली दीडशे कॉम्प्युटर आणि कंपनीचा पहिला माणूस मेल कागदावर वाचतो. त्याच्या खिशात आता मेल घालायचा. गाढवाला गुळाची चव काय, पण हुकूम तो हुकूम.

१२ जून, शुक्रवार

शुक्रवार आला, मेल आला नाही.

आपला मेल-सर्व्हर सहा वर्षांचा. फोनशी बोलायचं तर त्याला नवा सिंकचा पॅक लागतो. पॅक लावायचा तर आधी सर्व्हरच नव्या आवृत्तीवर न्यायचा. तो न्यायचा तर रविवारी सगळं बंद. चि. म्हणाले, "का? मित्राच्या कंपनीत दहा मिनिटांत झालं." मित्राची कंपनी म्हणजे तीन माणसं आणि एक कुत्रा असणार.

बातमी फुटली. दुपारपर्यंत अकरा साहेब आपापले फोन घेऊन दारात. प्रत्येकाचा फोन निराळ्या कंपनीचा. परचेसचे साहेब म्हणाले, माझ्यावरही टाका. त्यांच्या फोनची काच तडकलेली, वरचं अर्धं दिसतच नाही. म्हटलं, सर, तुम्हाला फक्त खालचे मेल दिसतील. "परवाइल्लै," म्हणाले. चालेल. या माणसाच्या सहीने कारखान्याचं पोलाद विकत घेतलं जातं.

१७ जून, बुधवार

रविवारी मी आणि कविता दिवसभर बसून सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला. कविता माझ्याकडची इंजिनिअर, सव्वीस वर्षांची, इथल्या शंभर लोकांत दीड माणसाला अक्कल आहे त्यातली एक. अर्धा मी.

बटणांच्या फोनवर मेल आला. काचेच्या फोनवर येत नाही. आपलं सर्टिफिकेट, म्हणजे आपला सर्व्हर खरोखर आपलाच आहे याचा दाखला, आपण घरीच बनवलेलं. बटणांचे फोन विचारतात, विश्वास ठेवू का? ठेव म्हटलं की ठेवतात. काचेचा फोन विचारत नाही, सरळ नाही म्हणतो. बाहेरून रीतसर दाखला विकत घ्यावा लागणार. फोन बरोबर आहे, खरं तर. स्वतःच स्वतःला दिलेला दाखला कोण मानतो? आमचे व्हाइस प्रेसिडेंट सोडून.

२५ जून, गुरुवार

सर्टिफिकेटची गोष्ट लिहून ठेवली पाहिजे, उद्या मलाच खरी वाटणार नाही.

ते इंटरनेटवरून येतं. काही ओळींची फाइल. परचेसने ऑर्डर काढली. फाइल आली. बिल अकाउंट्सकडे गेलं, तिथून परत. कारण माल इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गेटवर इनवर्ड झालेला नाही. मी म्हटलं, हा माल गेटवरून येत नाही. अकाउंट्सवाले म्हणाले, मग तो आलाच नाही.

शेवटी कविताने ती फाइल सीडीवर घातली. सीडी खोक्यात. खोकं कंपनीच्या व्हॅनमधून चाळीस किलोमीटर गेलं. गेटवर शिक्का बसला, स्टोअर्समध्ये नोंद झाली, इन्स्पेक्शनवाल्याने खोकं उघडून 'दिसण्यात दोष नाही' असा शेरा मारला. मग तीच व्हॅन खोकं घेऊन परत गिंडीला. सगळे मिळून नऊ दिवस. सीडी अजून माझ्या टेबलावर आहे, कुणी उघडलेली नाही. फाइल पहिल्याच दिवशी सर्व्हरवर चढवली होती. ती चालतेय हे कुणाला सांगितलं नाही. इनवर्ड न झालेला माल वापरला म्हणून नोटीस आली असती.

२ जुलै, गुरुवार

जेवताना श्रीपती राव शेजारी येऊन बसले. तंजावरकडचे मराठी, पुण्यापासून सहा-सातशे मैलांवर आणि तीनशे वर्षं मागे. नवा होतो तेव्हा या गावात कुणीतरी मराठी बोलतंय म्हणून मला भरून आलं होतं. पंधरा दिवसांत ओसरलं. ते जे बोलतात त्यातलं निम्मं बखरीतलं, निम्मं तमिळ.

"शिंदेराव, हें फोनाचें काम केव्हां संपणार?"

"का?"

"कांहीं नाहीं. विचारटलें."

मग हळूहळू बाहेर आलं. सप्टेंबरअखेर त्यांना अठ्ठावन्न पूर्ण. दोन वर्षं वाढवून देतों म्हणून एमडी तोंडी बोललेत, पत्र अजून नाही. आणि चि. एचआरला म्हणाले, वडिलांचा मेल खिशात आला की पी.ए. कशाला? रावांच्या बायकोचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, कंपनीच्या मेडिकल कार्डावर. नोकरी गेली की कार्ड गेलं.

"मी तुमचें काम थांबवा म्हणून सांगत नाहीं," म्हणाले. "मज ठाऊक असलें तर बरें म्हणून."

मी म्हटलं, अजून खूप वेळ आहे. नव्हता. आठवडाभराचंच काम राहिलंय. छापून कागद आत नेणं हे काम जायलाच हवं, त्यात माझा काय दोष? त्यांनी चिंचेचा भात पुढे केला. घेतला नाही, ॲसिडिटी आहे म्हणालो.

८ जुलै, बुधवार

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी काचेच्या फोनवर मेल आला. मेल, कॅलेंडर, पत्ते, सगळं. कविताने टाळी दिली. एवढ्या वर्षांत इथे पहिल्यांदा काही नीट केल्यासारखं वाटलं. बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

चि. ना दाखवलं. त्यांनी वर-खाली सरकवून पाहिलं. "अक्षरं लहान आहेत." बस. एवढंच.

मग म्हणाले, एकही मेल गळत नाही याची खात्री हवी. जूनच्या सगळ्या छापील फायली रावांकडून घ्या, फोनवरच्या मेलशी ताडून पाहा. त्यानंतरच वडिलांच्या हातात देऊ. काम जमलं तर ग्रुपच्या तिन्ही कंपन्यांची सिस्टिम्स माझ्याकडे देण्याचं बोलले. बघू. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचे शब्द.

१४ जुलै, मंगळवार

काय लिहू.

कविता आणि मी फायली ताडत होतो. आलेले मेल सगळे जुळले. मी म्हटलं, गेलेलेही पाहू. एका हाताला हिरव्या शाईचा कागद, दुसऱ्या हाताला फोनवरचा 'सेंट'.

प्लेटिंगवाल्या पुरवठादाराने लिहिलं होतं, माल चार दिवस उशिरा येईल. हिरवी शाई, "हा चोर आहे. याला दारात उभा करू नका." गेलेला मेल, "आपली अडचण समजली. सोमवारी साडेतीनला भेटावे."

कारखान्याचे प्रॉडक्शन हेड सेल्वम. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी दोन दिवस रजा मागितली होती. हिरवी शाई, "लाइन बंद पडली तर कायमचा घरी बस. मुलगी शिकून कुणाचं भलं करणार आहे?" गेलेला मेल, "रजा मंजूर. दुसऱ्या शिफ्टची व्यवस्था लावून जावे. मुलीस शुभेच्छा."

जूनमध्ये असे एकोणीस. एमडींना आपला गेलेला मेल कधी दिसतच नाही, त्यांच्यासाठी कागदावर लिहिलं म्हणजे गेलं. कविता म्हणाली, "सार, हे... एमडींच्या नावाने कुणी दुसराच लिहितोय."

मी तिला गप्प राहायला सांगितलं. आणि मला काय वाटलं? राग आला. आम्ही इथे पासवर्डचे नियम करतो, दर पंचेचाळीस दिवसांनी बदलायला लावतो, फोनला कुलूप घालायला लावतो, आणि वरच्या मजल्यावर टक्कल पडलेला, चपला टेबलाखाली काढून बसणारा एक म्हातारा बिनदिक्कत मालकाच्या नावावर मनाला येईल ते पाठवतोय. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

१६ जुलै, गुरुवार

रावांना सर्व्हर रूममध्ये बोलावलं. दार लावून फाइल पुढे ठेवली. नाकारलं नाही. खुर्ची ओढून बसले.

"मोठे मालक होते तेव्हां पासून," म्हणाले. मोठे मालक म्हणजे एमडींचे वडील, आता नाहीत. "तेव्हां टाइपरायटर. त्यांनीं मज बोलावून सांगटलें, मुलगा तापट आहे, वाईट नाहीं. त्याचीं पत्रें तुज हातून जातात. पाहून पाठव म्हणून."

"म्हणून तुम्ही बदलता?"

"त्यांस दहा वाजतां राग येतो. बारा वाजतां जातो. बारा वाजतां त्यांसच विचारा, सेल्वमास रजा देणें का म्हणून. दे म्हणतील. मी बारा वाजतां जें म्हणतील तें पाठवितों."

"राव, हा गुन्हा आहे."

"असेल. तुम्हांस जें लिहिणें तें लिहा. मी कांहीं मागत नाहीं." उठले, दाराशी थांबले. "एवढेंच, आमची घरची मनुष्य सोमवारीं आणि गुरुवारीं इस्पितळांत असते. त्या दिवशीं तेवढें बोलावूं नका."

आज गुरुवार होता.

कविताला सांगितलं, फोनचं काम संपेपर्यंत तोंड बंद. चि. टूरवर आहेत. आले की सांगायचं, असं ठरवलं आहे.

२१ जुलै, मंगळवार

चि. परस्पर जपानला गेले. जाता जाता फोनवर हुकूम, वडिलांना फोन देऊन टाका. दिला. एमडींना कुलपाचा नंबर नको होता. "माझ्याच फोनला मी कुलूप लावू?" चार आकडे ठेवायला अर्धा तास. शेवटी शून्य शून्य शून्य शून्य. सुरक्षा.

बोटं जाड, अक्षरं बारीक. पण एकदा जमल्यावर लहान पोरासारखे खूश. माझ्यासमोर पहिला मेल स्वतः टाइप करून पाठवला. एचआरला. एकच शब्द होता, इंग्रजीत. कोणता ते लिहीत नाही.

रावांनी साडेदहाला फाइल आत नेली आणि तशीच परत आणली. दिवसभर टेबलाशी बसून होते. पेन्सिलींना टोकं काढत होते. कागद न छापता त्या माणसाला कसं बसायचं तेच माहीत नाही.

२४ जुलै, शुक्रवार

तीन दिवसांचा हिशेब.

प्लेटिंगवाल्याने माल थांबवला. तो म्हणतो, बावीस वर्षांत माझ्याशी कुणी अशी भाषा वापरली नाही.

फायनान्सचे साहेब रजेवर. ब्लडप्रेशर. तसे ते मेल म्हणजे एसएमएस समजून दर मेलला पैसे कापले जातात का विचारायला रोज माझ्याकडे येत, ते थांबलं, हा एक फायदा.

सेल्वमने राजीनामा टाकला. सोळा वर्षं नोकरी झालेला माणूस. त्याने लाइनच्या देखभालीसाठी एक रविवार मागितला होता. त्याला फोनवरून काय गेलं ते मी 'सेंट'मध्ये वाचलं. वाचून माझ्याच अंगावर आलं, आणि मी कुणाचं मनाला लावून घेणारा माणूस नाही. सुनंदाला रात्री सांगितलं तर म्हणाली, "तुम्हीच दिलात ना फोन त्यांच्या हातात." बायकोने असं मोजकं बोलू नये.

३ ऑगस्ट, सोमवार

आजचा दिवस.

एमडींनी बोलावलं. टेबलावर काचेचा फोन, पाटावर ठेवल्यासारखा मधोमध. म्हणाले, "शिंदे, तुझ्या या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड आहे."

"काय होतंय सर?"

"मी जे लिहितो ते समोरच्याला वाईट वाटतं."

मी फोनकडे पाहिलं.

"तीस वर्षं मी असाच लिहितोय. कधी कुणी तक्रार केली नाही. सेल्वम माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला घरी यायचा. फोनवरून लिहायला लागलो आणि पंधरा दिवसांत सगळे उलटले. वाटेत काहीतरी बदलतंय. तुझा सर्व्हर शब्द बदलतो."

थट्टा नव्हती. डोळ्यांत खरा गोंधळ. या माणसाला तीस वर्षं वाटतंय की तो लिहितो तेच लोकांना पोचतं आणि लोकांना ते आवडतं. हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"लेखी रिपोर्ट दे. दोष कुठे आहे आणि आधी का नव्हता."

आधी का नव्हता. अगदी नेमका प्रश्न. इथे कुणी विचारलेला पहिला शहाणा प्रश्न, आणि तोही या माणसाने.

६ ऑगस्ट, गुरुवार

रिपोर्ट लिहायला बसलो. चार ओळींचं काम आहे. 'दोष नाही. पूर्वी पी.ए. उत्तरं बदलून पाठवत असत. पुरावा सोबत, एकोणीस नमुने.' सर्व्हर सुटला, मी सुटलो, तिन्ही कंपन्या माझ्या. राव गेले. नुसते निवृत्त नव्हे, अपमान करून हाकलले जातील, आणि कार्ड त्याच दिवशी बंद.

लिहिलं. पाठवलं नाही.

गेले तीन दिवस मला एक गोष्ट टोचतेय ती लिहून टाकतो, म्हणजे टोचायची थांबेल. अकरा वर्षं मी समजत होतो की या कंपनीत एकच गोष्ट धड चालते, मेल, आणि ती मी चालवतो. धड चालत होती ती रावांमुळे. मी नुसती तार ओढली. आणि ज्या दिवशी माझी तार पूर्ण झाली त्या दिवशी सेल्वमची नोकरी गेली. मला कुणाची कीव करायची सवय नाही, स्वतःची तर नाहीच. पण लाज वाटली.

११ ऑगस्ट, मंगळवार

रिपोर्ट दिला. दुसराच.

'फोनवरून पाठवलेल्या मेलमध्ये सिंकच्या वेळी दोष उद्भवतो. मजकूर अर्धवट, मधले शब्द गाळून पोचण्याची शक्यता नाकारता येत नाही. कारण सापडेपर्यंत एमडींनी फोनवर मेल फक्त वाचावा. उत्तरं पूर्वीप्रमाणे पी.ए. मार्फत पाठवावीत. जबाबदारी सिस्टिम्स विभागाची.' खाली माझी सही.

संपूर्ण थापा. सिंक इतका स्वच्छ आहे की त्याच्याबद्दल खोटं लिहिताना हात अडखळला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे आयुष्यभर पाहिले आणि त्यांना हसलो. चांगल्या अंगणाला मुद्दाम वाकडं म्हणणारा मी पहिला.

कविताने वाचलं. म्हणाली, "सार, हे आपण केलेलं काम आहे." आपण म्हणाली. मी म्हटलं, हो. ती जागेवर जाऊन बसली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. रागावण्याचा हक्क आहे तिला.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

तपकिरी फाइल साडेदहाला आत. सव्वाअकराला बाहेर, हिरवी. राव टाइप करतायत. फोनवर 'सेंट' कुठे असतं ते एमडींना ठाऊक नाही. सेल्वमला गेलेला मेल पाहिला. 'मागील मेल तांत्रिक दोषामुळे चुकीच्या स्वरूपात पोचला, खेद आहे. राजीनामा स्वीकारलेला नाही. रविवारची देखभाल करून घ्यावी.' त्या मेलच्या कागदावर हिरव्या शाईने काय होतं ते विचारलं नाही.

सेल्वम परत आला. कारखान्यात सगळे म्हणतात, त्या शिंदेच्या सॉफ्टवेअरने केवढा घोळ घातला. कॅन्टीनमध्ये परचेसचा तडक्या फोनवाला खांद्यावर हात ठेवून म्हणाला, होतं असं, नवीन टेक्नॉलॉजी आहे. त्याच्याकडून ऐकून घ्यावं लागलं. गिळलं.

राव वाटेत भेटले. फाइल काखेत धरून तसेच पुढे गेले. तेच बरं.

२० ऑगस्ट, गुरुवार

चि. परतले. त्यांना थाप पचली नाही. माणूस उथळ आहे, पण अगदीच बिनडोक नाही. "शब्द गाळणारा सिंक मी जगात ऐकलेला नाही." बंगळूरहून एक तज्ज्ञ बोलावणार आहेत. सर्व्हरचा सगळा लॉग तपासणार, कुठून काय गेलं, काय पोचलं. लॉगमध्ये दोष सापडणार नाही. मग प्रश्न येणार, आधी का नव्हता.

रावांचं वाढीचं पत्र अजून एमडींच्या टेबलावर, सही व्हायची आहे. एचआर म्हणतं, चि. नी थांबवून ठेवलंय, तज्ज्ञ येऊन जाऊ दे म्हणाले.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी अकराला मीटिंग. एमडी, चि., एचआर, मी. कोपऱ्यात राव, शॉर्टहँडची वही मांडीवर.

चि. नी माझा रिपोर्ट टेबलावर टाकला. एमडी सुरू झाले. दहा वाजताचा राग आज अकरापर्यंत लांबला होता. तीन महिने, एक फोन, आणि या माणसाला जमत नाही. आपण याला पुण्याहून कशाला आणला? याच्यापेक्षा मी एखादा टीव्ही दुरुस्त करणारा ठेवला असता. याला परत पाठवा आणि जाताना त्याचा सर्व्हरही त्याच्या डोक्यावर द्या. तमिळमध्ये आणखीही होतं. एवढ्या वर्षांत माझं तमिळ त्या शब्दांपुरतं उत्तम झालंय.

मी 'यस सर' म्हणालो. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. जिभेवर होते. राव मान खाली घालून वहीत लिहीत होते, पेन्सिल थांबत नव्हती.

बंगळूरचा माणूस सोमवारी साडेनऊला येतोय. नक्की झालं.

दुपारी सव्वाचारला मीटिंगचा वृत्तांत मेलवर आला. एमडींच्या नावाने, सगळ्या विभागप्रमुखांना. मुद्दा तिसरा, 'फोनवरील मेलच्या कामात सिस्टिम्स विभागाने घेतलेल्या परिश्रमांची एमडींनी दखल घेतली. असे काम पहिल्या प्रयत्नात निर्दोष होणे कठीण आहे, हे त्यांनी नमूद केले. श्री. शिंदे यांना आवश्यक तो वेळ द्यावा.'

दोनदा वाचलं. मग दार लावून घेतलं.

तीन वर्षांपूर्वी सर्व्हर दोन दिवस पडला होता. मी तिथेच फरशीवर झोपून तो उभा केला होता, तेव्हा एमडींचा आभाराचा मेल आला होता. सुनंदाने छापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला, अजून आहे. दहाएक ओळी आहेत, चांगल्या इंग्रजीत. त्या महिन्याची तपकिरी फाइल रावांच्या कपाटात असणारच. चावी लावलेली नसते.

बघायला गेलो नाही.

सहाला कविता आली. आपण होऊन बोलली, दोन आठवड्यांनी. "सार, सोमवारी तो लॉग मागेल. जूनपासूनचा सगळा आहे. ठेवू की काढू?"

म्हटलं, सोमवारी लवकर ये. साडेआठला.

"काय करायचं ते आत्ता सांगा ना, सार."

अजून सांगितलेलं नाही.